रायपूरच्या उन्हात माझे दरवाजे

मे महिन्यात रायपूरला हौसेने कोणी जात नाही. मी भांडायला गेलो होतो. परत आल्यापासून कुडाळच्या बाजारात भेटेल तो विचारतो, "परबांनू, थंय बघूक काय आसा?" बघण्यासारखं पुष्कळ आहे. पण ते सांगायचं तर आधी माझं भांडण सांगावं लागतं, आणि ते चहा संपेपर्यंत सांगून होत नाही. म्हणून एकदाच लिहून काढतो.

मी फ्लश दरवाजे बनवतो. दिसायला सपाट फळी, पण आतून सगळे थर. मध्ये लाकडाची चौकट आणि भरण, दोन्ही अंगांना पातळ लाकडाचे पत्रे एकावर एक, प्रत्येक दोन थरांमध्ये रेझिनचा ग्लू आणि वरून गरम प्रेसचा दाब. या धंद्यात मी वखारीत भुसा भरण्यापासून शिरलो. आज स्वतःची शेड आहे, वीसेक माणसं आहेत. नव्या रायपुरातल्या कर्मचारी वसाहतीचं काम मिळवताना दोन मोठ्या कारखानदारांना मी पाडलं होतं. माझा हुकमाचा पत्ता एकच. बाकीचे ग्लूत चोरी करतात. मी लेखी दिलं, इतरांच्या दीडपट जाड थर देईन. आणि दिला.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिथल्या ठेकेदार कंपनीचं पत्र आलं. दरवाज्यांचे पापुद्रे सुटत आहेत, आणि खाली एक ओळ, "कोंकण का माल यहाँ टिकता नहीं." ग्लूत ज्याने जन्मात हात आखडला नाही, त्याला हे ऐकवायचं? मी तीन पानी उत्तर पाठवलं. सोबत एक फोटो. माल उतरवून तीन दिवसांनी माझा ड्रायव्हर परत निघाला तेव्हा त्याने काढलेला. भर उन्हात, उघड्यावर, रांगेने टेकवलेले माझे दरवाजे. दोष तुमच्या स्टोअरकीपरचा, असं मी ठणकावून लिहिलं. त्यावर कळलं की त्या माणसाला स्टोअरमधून काढून गेटवर बसवलंय. आता अहवाल वर जायचा होता. त्यात दोषी म्हणून त्याचं नाव लागलं तर त्याला घरी पाठवणार, आणि माझं लागलं तर त्यांच्या कुठल्याच कामावर माझा दरवाजा चढणार नाही. मला समोर उभं राहून हा निकाल लावून घ्यायचा होता.

बीरगांव

स्टेशनवर रामटेके आले होते. रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा टूलरूमचा माणूस, मूळचा भंडाऱ्याकडचा. माझा जुना प्रेस मी नागपुरातून विकत आणला तेव्हा सुट्टी काढून कुडाळला येऊन यांनीच तो बसवून दिला होता. तेव्हापासूनची दोस्ती.

"या भाऊ, या. चेहरा काहून असा? गाडीत कोनाशी भांडले का?"

"कोणाशी नाही."

"मंग तब्येत बरी नसंन तुमची."

त्यांचं घर बीरगांवात, उरला या औद्योगिक भागातल्या कारखान्यांना लागून. सकाळचे सात वाजले होते आणि ऊन आमच्याकडच्या अकराचं. पाळी सुटलेली माणसं सायकलींवरून परतत होती, सगळ्यांच्या भुवया काळ्या. घराच्या गच्चीवर पाऊल ठेवलं तर तळवा काळा. वहिनी दिवसातून दोनदा गच्ची झाडतात. त्यांची मुलगी शीतल लहानपणी दोऱ्याला चुंबक बांधून तिथे फिरवायची आणि चुंबकाला दाढी फुटायची, असं रामटेक्यांनी सांगितलं. माझा विश्वास बसेना. त्यांनी लगेच चुंबक आणलं. खरंच फुटली. आमच्या अंगणात आंब्याचा मोहोर पडतो, यांच्या गच्चीवर लोखंड पडतं.

नाश्त्याला चीला होता. तांदळाच्या पिठाचा, आमच्या घावण्याचा चुलतभाऊच, पण जरा जाड आणि सोबत भाजलेल्या टोमॅटोची चटणी. मी पाच खाल्ले. शीतल एका इंजिनिअरिंग कॉलेजात मोजमापांची प्रयोगशाळा सांभाळते. आईवडील मराठीत बोलतात, ती हिंदीत उत्तर देते, आणि तिघांनाही त्यात काही विशेष वाटत नाही.

मी फोटो दाखवला. रामटेक्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"फोटो पक्का आहे भाऊ. त्या मानसाची नोकरी गेली समजा."

"चूक त्याची आहे."

"असंन," एवढंच म्हणून त्यांनी फोटो परत दिला.

नवा रायपूर

ऑटोवाल्याने सांगितलेला दर मी ऐकला, हसलो आणि चालायला लागलो. तो मागून आला. असं तीनदा झालं. शेवटी माझ्या आकड्यावर तो तयार झाला तेव्हा मला बरं वाटलं. ते वसाहतीच्या बऱ्याच अलीकडच्या चौकापर्यंत टिकलं. तिथे त्याने ऑटो थांबवली. "सेठ, आपके रेट में यहीं तक आता है." मी ओरडलो. तोही ओरडला. मग तो गेला आणि मी त्या चौकात एकटा उरलो.

असा चौक मी पाहिला नव्हता. चारी दिशांना असे रस्ते की त्यावर आमचा अख्खा आठवडे बाजार भरेल आणि तरी गाड्या जातील. मध्ये झाडांची ओळ, बाजूला सायकलींसाठी वेगळी पट्टी, लांबवर काचेच्या सरकारी इमारती, आणि माणूस नाही. अधूनमधून एखादी गाडी सुसाट जाई, मग पुन्हा फक्त वारा. कोकणात कुठेही उभं राहा, चार पावलांवर डोंगर किंवा माड नजर अडवतो. इथे आभाळ जमिनीपर्यंत उतरलेलं. नवीन राज्याने नवीन राजधानी कागदावर आखली आणि ती रेघ जशीच्या तशी जमिनीवर ओढली, हे पाहून मी राग विसरून उभा राहिलो. मग डांबराची धग चपलेतून वर आली आणि मी चालू लागलो.

साहूसाहेब प्रकल्पाचे इंजिनिअर. मी ज्या तयारीने गेलो होतो त्या मानाने फारच सभ्य माणूस निघाला. थंडगार केबिन, ताक, आणि पहिलंच वाक्य, "परबजी, आपकी फोटो में दम है. शुक्रवार को रिपोर्ट जाएगी. आप एक बार दरवाजे देख लीजिए, फिर साथ में साइन करते हैं." भांडायला जागाच ठेवली नाही.

आमच्या धंद्यात चाकूची परीक्षा असते. दोन थरांमध्ये चाकू घालायचा आणि उचकटायचं. लाकडाचे तंतू फाटून निघाले तर ग्लूने लाकूड धरलंय. सुटलेला भाग स्वच्छ दिसला तर ग्लू हरलाय. मी पहिल्या दरवाज्यात चाकू घातला. तो घावण्यात जावा तसा गेला. थर हातात आला. त्याच्या पाठीवर काचेसारखा चकचकीत ग्लू, आणि त्यावर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळासारखी भेगांची जाळी. लाकडाचा एक तंतू नाही.

"धूप," मी म्हणालो.

"धूप," साहूसाहेबांनी मान डोलावली आणि ते मीटिंगला गेले.

बाकीच्या इमारतींच्या किल्ल्या घेऊन गेटवरचा माणूस आला. सडपातळ, पस्तिशीचा, डोक्याला गमछा.

"आप ही परब सेठ हैं?"

"हो."

"मैं देवांगन. जिसने आपके दरवाजे सुखाए."

तो ते रागाने म्हणाला नाही. नाव-गाव सांगावं तसं म्हणाला. परांचीवरून कोणीतरी हाक मारली, "का देवांगन, आज पापड नइ सुखाए?" आणि वर चार-पाच माणसं हसली. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

आम्ही इमारतीमागून इमारत पाहिली. सगळीकडे तेच. शेवटी जिन्याखालच्या खोल्या राहिल्या, मीटरच्या आणि झाडू-बादल्यांच्या. तिथला दरवाजा पाहिला आणि मी थबकलो. कडेला फिकट निळ्या खडूची एक बारीक खूण होती.

ती खूण माझी. आणि तिचा अर्थ इथे फक्त मलाच माहीत होता. या ऑर्डरच्या शेवटच्या आठवड्यात रेझिन कमी पडलं होतं. टँकर आला नाही, तारीख अंगावर आली, तेव्हा उरलेल्या दरवाज्यांना कामगारांनी ग्लू ओढून ओढून, निम्म्याहून पातळ लावला. मी त्या दिवशी शेडमध्ये एवढा आरडाओरडा केला की शेजारच्या कारखान्यातली माणसं कुंपणावर आली. पण दरवाजे फेकणं परवडत नव्हतं. मी त्यांच्यावर निळी खूण केली आणि बसवणाऱ्या सुतारांना सांगून ठेवलं, हे मागच्या खोल्यांना लावा, जिथे कोणी बघत नाही.

मी चाकू घातला. तो जाईना. जोर लावला. मूठ घसरली आणि बोट कापलं. शेवटी छिन्नीने एक कोपरा फोडला, तर लाकूडच फाटलं, तंतूच्या तंतू, आणि ग्लूची रेघ होती तिथे तशीच.

"हे दरवाजे आत ठेवले होते का? अलग?" मी विचारलं.

"अलग कहाँ सेठ. सब साथ में थे. शेड की टिन की चादर नहीं आई थी, तीन दिन मैं कहाँ रखता? ये वाले तो आखिर में उतरे, सबसे आगे खड़े थे."

मी पाठ वळवून खिशातला फोटो काढला. पुढची रांग. कडेवर, माहीत असेल त्यालाच दिसाव्यात अशा, निळ्या रेघा. तेच ऊन, तेच तीन दिवस.

"क्या देखा?"

"काही नाही," मी म्हणालो आणि फोटो खिशात घातला.

देवांगनचं गाव

दुपारचा एक वाजला होता. बस कधी येते विचारलं तर देवांगन हसला. "आती है. रोज आती है. कब, ये मत पूछिए." ऑटोचा तर विषयच नव्हता. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलो. त्या रुंद रस्त्यावरून एक वळण घेतलं आणि अचानक कौलारू गाव, तळं, तळ्यात म्हशी. राजधानी आखताना ही गावं तशीच आत राहिली आहेत.

अंगणात त्याची आई, सुकवारो, छुहीने भिंत सारवत होती. छुही म्हणजे इकडची पांढरी माती. घरात भाचीचं लग्न होतं.

"दाई, ये दरवाजावाले सेठ हैं," देवांगन म्हणाला.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. दोन महिने त्या घरात माझ्याविषयी काय बोललं गेलं असेल ते मला कळत होतं. ती म्हणाली, "पानी पी ले पहिली. मुँह लाल होगे हे."

जेवायला बोरे बासी होती. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवलेला, जरासा आंबलेला, वर मीठ, बाजूला कांदा आणि हिरवी मिरची. आमच्या पेजेची ओळख होती म्हणून पहिल्या घासाला बिचकलो नाही. दुसऱ्या घासाला अंगातली आग खाली उतरली. पेज आम्ही गरम पितो, पोटाला आधार म्हणून. ही थंड, उन्हाशी सामना करायला. भातच, पण हवामान बदललं की त्याचं कामही बदलतं. देवांगन समोर बसून वाढत होता. माझ्या खिशात फोटो होता. मला मान वर करवेना. म्हणून उठलो आणि म्हातारीजवळ गेलो.

ती आधी भिंत पाण्याने भिजवायची, मग फडक्याने छुहीचा हात फिरवायची, इतका पातळ की खालची माती दिसावी. तो वाळला की दुसरा.

"असं किती दिवस पुरणार?" मी म्हणालो. "जाड लावा. जेवढं जाड तेवढं पक्कं." गिऱ्हाइकांना सांगून सांगून हे वाक्य माझ्या तोंडातच बसलंय.

"मोटा झन लगा. झर जाही," ती म्हणाली. जाड लावू नको, गळून पडेल.

मला कोणी नको म्हटलं की मी तेच करतो. ओंजळभर छुही घेतली आणि भिंतीवर चांगली बोटभर जाड थापली, हाताने गुळगुळीत केली. सुंदर दिसत होती. म्हातारी तोंडावर पदर घेऊन हसत होती.

रायपूरचं ऊन कोणाला ताटकळत ठेवत नाही. मी लिंबाखाली बसून एक विडा संपवतो तोवर माझ्या थरावर पहिली चीर आली, मग तिला फाटे फुटले. कडा उचलल्या, बशीसारख्या आत वळल्या. आणि एक तुकडा, माझ्या तळहाताएवढा, थप्पदिशी खाली पडला. मी जवळ जाऊन उचलला. मागची बाजू स्वच्छ. भिंतीचा एक कण त्याला लागलेला नाही. शेजारीच म्हातारीचा पातळ हात भिंतीला असा बसला होता की नखाने खरवडला तर नख झिजावं.

"देख, गिर गे," ती म्हणाली, आणि तुकडे गोळा करून पुन्हा भिजत घातले. "मोर काम बढ़ा देस."

निघताना मी देवांगनला दोन दरवाज्यांच्या पट्ट्या कापून मागितल्या. एक सुटलेल्याची, एक निळ्या खुणेच्या दरवाज्याची. साइटवर परतून त्याने त्या करवतीने कापून दिल्या.

उरला, आणि शीतलची खोली

दुसऱ्या दिवशी पहाटे, उन्हाच्या आधी, रामटेके मला उरल्याला घेऊन गेले. एका रोलिंग मिलमध्ये त्यांचा जुना शागीर्द सुपरवायझर आहे. आत पाऊल टाकलं आणि तोंडावर धग आदळली. भट्टीतून लाल-पिवळा तापलेला ठोकळा निघतो, दोन रुळांच्या मध्ये जातो, पलीकडून लांब होऊन येतो, पुन्हा जातो, पुन्हा लांब, शेवटी जमिनीवरून आगीचा साप सळसळत जावा तशी सळी धावते. माणसं चिमटे घेऊन दोन पावलांवर उभी, जणू बैल वळवतायत. मी धंद्यातला माणूस, लोखंड मला कडक आणि हट्टी म्हणूनच ठाऊक. ते असं वाहताना पाहून मी हात जोडले, आणि कोणी पाहत नाही ना हे बघून खाली घेतले.

पण मला जास्त भावलं ते शेवटी. निवत असलेल्या सळ्यांवरून काळ्या खवल्या तडतडत उडत होत्या.

"हे काय?"

"पापडी. गरम लोखंडावर हवेनं साय धरते तशी," रामटेके म्हणाले. "निवता निवता लोखंड जास्त आकसते, पापडी तेवढी आकसत नाई. दोघांचं जमत नाई, मंग थे उडते."

मी खाली वाकून एक खवली उचलली. मागून स्वच्छ. कालच्या छुहीसारखी. कालच्याच ग्लूसारखी.

तिथून शीतलच्या कॉलेजात. पट्ट्या घासून तयार होईपर्यंत तिने एक लाकडी पेटी उघडली. मखमलीत पोलादाचे चौकोनी ठोकळे, आरशासारखे. "ये स्लिप गेज हैं अंकल, नाप के लिए." तिने दोन ठोकळे पुसले, एकमेकांवर अलगद ठेवले, जरा फिरवून सरकवले आणि माझ्या हातात दिले.

"अब अलग कीजिए."

मी ओढले. सुटेनात. पाय रोवून ओढले. रामटेके हसायला लागले, "भाऊ, सांभाळून, नाईतर शर्टाचे बटन तुटन."

"कोणता ग्लू?"

"कोई नहीं."

"तेल?"

"सिर्फ हवा की नमी, उतनी तो हर चीज पर रहती है. बाकी लोहा लोहे को पकड़े है."

तीस वर्षं मी वस्तू चिकटवून पोट भरतोय. चिकटवायला काहीतरी लागतं, ही माझी पहिली शिकवण. आणि इथे दोन कोरडे ठोकळे एकमेकांना सोडत नव्हते. तिने बोटाने सरकवले तेव्हा गुमान वेगळे झाले. मी पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा. चार वेळा.

मग जगातल्या सगळ्याच वस्तू एकमेकींना का चिकटत नाहीत, असं मी विचारलं. तिने टेबलावर हात ठेवला. आपल्याला वाटतं पंजा टेबलाला सगळीकडे टेकलाय, पण टेकतात फक्त बारीक उंचवटे, बाकी सगळी पोकळी. मला दोन फणस दिसले. एकावर एक कितीही दाबा, काट्याला काटा तेवढा लागणार. हे ठोकळे इतके सपाट घासलेत की त्यांचे काटेच उरले नाहीत, म्हणून अंगाला अंग भिडलं. आणि ग्लूचं खरं काम फणसांच्या काट्यांमधली पोकळी भरण्याचं. तेवढंच. त्यापुढे जो जास्त ओततो तो चिकटवत नाही, मध्ये एक तिसरा माणूस आणून बसवतो.

त्या तिसऱ्या माणसाला मी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. निळ्या खुणेच्या पट्टीत ग्लू केसाएवढी रेघ, आणि रेघेला दोन्हीकडे बारीक मुळं, लाकडाच्या छिद्रांत उतरलेली. कुठून लाकूड संपलं आणि ग्लू सुरू झाला ते सांगता येऊ नये. मग दुसरी पट्टी. काचेचा जाड पट्टा. त्यात उभ्या चिरा, ठरावीक अंतरावर, कोणी मोजून मारल्यासारख्या. प्रत्येक चीर सरळ खाली येते, लाकडाशी पोचते, आणि तिथे वळते. लाकडाच्या कडेकडेने पुढे धावत जाते, पुढच्या चिरेला मिळते. मी किती वेळ डोळा लावून होतो माहीत नाही. आठ हजार वेळा मी तो प्रेस दाबला असेन. आत हे चालतं हे मला माहीत नव्हतं.

"सूखते हुए सिकुड़ता है, लकड़ी सिकुड़ने नहीं देती," शीतल सांगत होती. "खिंचाव दोनों में बराबर है अंकल. पर मोटी परत में खिंचाव का भंडार ज्यादा है. दरार को चलने के लिए खुराक चाहिए. मोटी परत खुराक देती है. ऊपर से रायपुर की गरमी में आपकी गीली लकड़ी भी सिकुड़ी."

"आणि तीन दिवसांचं ऊन?"

"दोनों पर पड़ा था न? एक तो टिका है."

संध्याकाळी गच्चीवर मी सगळ्यांवर चिडलो. टँकरवाल्यावर, साहूसाहेबांवर, जास्त ग्लू हवा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांवर.

"तुमी काहून एवढे तापून राहिले?" रामटेके म्हणाले. "तपासणीचा कागद आपल्या पोट्टीजवळ आहे, थे कोनाला देत नाई. खुणा तुमच्याशिवाय कोनाला समजत नाई. उद्या सही करा अन् गाडीत बसा."

"तुम्ही करणार असतात?"

"मी दरवाजे बनवत नाई भाऊ."

साहूसाहेबांचं टेबल

अहवाल टाइप होऊन तयार होता. "भंडारण में लापरवाही." खाली दोन सह्यांची जागा. साहूसाहेबांनी पेन पुढे केलं.

मी फोटो टेबलावर ठेवला आणि त्यातल्या निळ्या रेघांवर बोट ठेवलं. एकदा सुरुवात केल्यावर सगळंच सांगावं लागलं. रेझिन कमी पडलं ते, मागच्या खोल्यांचं ते. लाजेने कान तापले. साहूसाहेब आधी ऐकत राहिले, मग चष्मा काढून हसू लागले.

"मतलब जो आपने छुपाया, वही खरा निकला?"

"हसा."

"परबजी, समझ रहे हैं न? सब साइट पर नोट जाएगा. आपका नाम जाएगा."

"जाऊ दे. पण 'कोंकण का माल' खोडा. माझं नाव लिहा, पूर्ण लिहा. कोकणाने तुमचं काय घोडं मारलंय? दरवाजे मी बनवले."

ते घासाघीस करू लागले. शब्द आधीच वर गेलाय, फाइल आहे, वगैरे. मी टेबलावर हात आपटला. आयुष्यात मी पुष्कळ सौदे लढवले आहेत. स्वतःचं नाव दोषी म्हणून लावून घ्यायला इतका भांडलो नव्हतो. शेवटी त्यांनी लाल पेनने खोडलं. पातळ ग्लूचे दहा दरवाजे मी स्वखर्चाने पाठवीन आणि त्यांनी ते एक उन्हाळा लावून पाहावेत, एवढं मात्र मी त्याच झटक्यात कबूल करून घेतलं. मग सही केली.

गेटवर देवांगनला सांगितलं. मला वाटलं होतं तो हसेल, निदान हात जोडेल. तो किल्ल्या बोटावर फिरवत उभा राहिला.

"साहब के कागज में लिख दिया, ठीक है. पर कागज तो ऊपर जाएगा. यहाँ जो दो महीने से पापड-पापड करते हैं, वो कागज नहीं पढ़ते."

जेवणाची सुट्टी होती. मजूर, गवंडी, सुतार पाण्याच्या टाकीजवळ सावलीला बसले होते. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. माझं हिंदी धड नाही, पण आवाज कुडाळच्या शेडमध्ये प्रेसच्या वर चढवायची सवय आहे. दरवाजे मी खराब बनवले, देवांगनची काही चूक नाही, आजपासून कोणी पापड म्हटलं तर ते मला म्हटलं असं समजेन, असं मी ओरडून सांगितलं. डबे वाजायचे थांबले. एका बाईने विचारलं, "ये कोन ए?" कोणीतरी म्हणालं, "दरवाजावाला."

तिसऱ्या मजल्यावर परांचीवर दोन गवंडी अजून काम करत होते. देवांगनने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सेठ, उनको नहीं सुनाई दिया."

मी उन्हात पुढे आलो, तोंडाभोवती हात धरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.